तळघराला छत कुठलं?

साहेब, माझ्या बाबांना तुम्ही घरात कोंडून ठेवलंय. त्यांचे गुडघे गेले ते वयाने, तो आळ तुमच्यावर घेत नाही. पण आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत चौदा पायऱ्या, आणि घर उतारावर असल्यामुळे तळघराचं मागचं दार मात्र थेट गल्लीत उघडतं. बाबांची खाट तिथे टाकली की आठ महिने घरात काढल्यावर ते स्वतःच्या काठीवर उन्हात जाणार, एवढंच आमचं स्वप्न. आडवं आलं ते छत.

तपासणीला आलात तेव्हा भिंती, फरशी, वीज, सगळं तुम्ही पास केलंत. जमिनीपासून तुळयांपर्यंत उंची सात फूट दोन इंच. माणूस राहायचा तर सात फूट पाहिजे, हा तुमचा नियम. सीलिंगवाला म्हणाला, "जिप्समचे बोर्ड थेट तुळयांवर मारू. इंचभर जाईल फक्त." मारले. तुम्ही आलात, वर बघितलंत. म्हणालात, वरच्या न्हाणीघराचा पाइप बोर्डामागे गेला, तो पाहणीला दिसला पाहिजे.

"मग बोर्डात एक उघडती झडप ठेवतो ना," सीलिंगवाला म्हणाला.

"पाइप अकरा फूट, झडप एक फूट. उरलेला काय मनात बघू?"

विनोदी आहात, मान्य.

बोर्ड उतरवले. मग पट्ट्यांची चौकट टांगून त्यात सुट्ट्या टाइल्स ठेवल्या. कुठलीही उचला, पाइप हजर. तुम्ही टेप लावलीत. सहा फूट दहा इंच. चौकट टांगायला चार इंच लागतात हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. बायकोने विचारलं, तेव्हाच का नाही बोललात? "सल्ला देणं आमच्या कामात बसत नाही, वहिनी." वहिनी म्हणालात, तेवढाच गोडवा पदरात. आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना. आमच्या बाबतीत आई-बाप दोन्ही तुम्हीच.

बाबांनी हयातभर पाइप जोडले. ते वरून ओरडले, "अरे, दिवसभर उताणा पडून ते छत बघणार मी. मला विचारलं का कुणी?"

नव्हतं विचारलं. ही चूक आमची, तुमच्या खात्यावर टाकत नाही.

"उघडंच ठेवा. तुळया आणि पाइप पांढरे रंगवा. कुठे पाझरलं तर मला आवाजावरून कळेल. तुमच्या त्या साहेबाच्या आधी."

रंगवलं. उंची पुरेपूर, पाइप उघडा. मी आणि सीलिंगवाल्याने बाबांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. चार दिवस राहिले. सकाळी काठी टेकत गल्लीत जायचे, समोरच्या शिंप्याशी यथेच्छ भांडायचे आणि भूक लागली की परत यायचे. पाचव्या दिवशी तुम्ही उगवलात.

"छत कुठाय?"

"हे काय," बाबा खाटेवरून म्हणाले.

"हा वरच्या मजल्याचा तळ झाला, आजोबा. छत नाही म्हणजे खोली अपुरी. अपुऱ्या खोलीत राहता येत नाही."

"चार दिवस राहिलोय की मी."

"तेच तर नियमाविरुद्ध आहे."

बाबांनी काठीने वर दाखवलं. "तो दुसरा सांधा बघा, घाम फुटलाय त्याला. आलाच आहात तर तेवढं लिहून न्या."

तुम्ही ते लिहिलं नाहीत. 'सात दिवसांत तळघर रिकामं करा' हे मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलंत.

बाबांना आम्ही वर नेलं. शिंपी दोनदा विचारून गेला.

तर साहेब, झाकलं की पाइप दिसत नाही, टांगलं की उंची जाते, उघडं ठेवलं की छतच नाही. चौथा प्रकार असेल तर लिहून कळवा, खाली सही-शिक्का मारून. नसेल तर 'नाही' एवढं तरी लिहा. तोंडी चालणार नाही. माझ्या बापाने कुठल्या छताखाली झोपायचं?