चिंचेच्या पाण्यात राहिलेली काडतुसं

पितळ आंबटाने उजळते, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असते. पण आंबटात विसरलेले पितळ मरते, हे नाकाडोंगरी गावात एकट्या डोमाला ठाऊक होते. चिंचेच्या पाण्यात घडीभर ठेवलेले काडतूस सोन्यासारखे पिवळे निघते. तेच चार दिवस राहिले तर पितळेतला जीव पाण्यात उतरतो आणि मागे राहतो तांब्यासारखा गुलाबी सांगाडा. दिसायला अख्खा, आतून भुसभुशीत.

तरुणपणी डोमा शिकारी कॅम्पवर रान उठवायला, हाक्याला, जायचा. बहात्तर साली शिकारीवर बंदी आली, कॅम्प उठला, आणि कॅम्पच्या बंगल्यामागच्या खोलीत पडलेली उडवलेल्या पितळी काडतुसांची पोती डोमाने भंगाराच्या भावात उचलली. तेव्हापासून हाच त्याचा धंदा. पीकराखणीच्या परवान्यावर ज्यांच्याकडे बंदूक होती ते शेतकरी ही रिकामी काडतुसं नेत, घरी बुडाला ठिणगीची टोपी बसवून बारूद आणि छर्रे भरत, आणि धानात शिरलेल्या रानडुकरांवर झाडत. एकच काडतूस पुन्हा भरायचे, पुन्हा उडवायचे. म्हणून कोणते अजून चालेल आणि कोणते नाही, हे ओळखणारा माणूस लागे.

डोमा प्रत्येक काडतूस आधी दगडावर टाकी. खणखणले तर अख्खे, बद्द वाजले तर तडा. मग ते उन्हात धरून रंग पाही. गुलाबी झाक दिसली की ते वेगळ्या टोपलीत जाई, भंडाऱ्याच्या कासाराकडे वितळवायला. डोमाने दिले म्हणजे पाहायचे काम नाही, असे पंचक्रोशीत म्हणत. या एका वाक्यावर डोमा म्हातारा झाला होता.

एक्याऐंशी साली त्याच्या डोळ्यांत पडदा उतरू लागला. अंधार झाला असता तर कदाचित त्याने कबूल केले असते. पण सगळे जग हळदीच्या पाण्यातून पाहिल्यासारखे पिवळे झाले, आणि पिवळे दिसणे हेच तर त्याच्या धंद्यात चांगले लक्षण होते. सून गीताबाई शहाणी होती. मुलगा खाणीवर कामाला जाई, घर तीच सांभाळी. सासरा मिठाच्या डब्यात बोट घालून चव घेतो आणि मगच ते मीठ की साखर हे ठरवतो, हे तिने पाहिले होते. एकदा तिने भीत भीत विचारले, रंग पाहायचे काम मी करू का. डोमा म्हणाला, "तू तांदळातले खडे पाह. पितळ पाहाले जलम जाते."

त्या वर्षी ऐन रोवणीत लाखनीला त्याचा साळा वारला. निरोप आला तसा डोमा उठून गेला. परसात मडक्यात सात काडतुसं चिंचेच्या पाण्यात होती, ती तशीच राहिली. गीताबाई दिवसभर धानाच्या बांधीत रोवणा रोवत होती, तिलाही ध्यान राहिले नाही. चार दिवसांनी डोमा परतला, तेव्हा त्याने ती काढून राखेने घासली. दगडावर टाकली. सातही खणखणली. उन्हात धरली. सातही पिवळी दिसली. हातातली राखही पिवळी दिसत होती आणि दगडही.

चुलीपुढे गीताबाई भाकरी थापत होती. एकदा तिला हाक मारावी असे त्याच्या मनात आले. जिभेवर आलेली हाक त्याने गिळली. कान शाबूत आहेत ना, असे स्वतःला सांगून त्याने सातही चांगल्या टोपलीत टाकली.

त्यातली तीन गावातल्या बुधरामने नेली, तीन शेजारच्या टेकचंदने. उरलेले एक लाखनीच्या बाजारात दिघोरीकडच्या कोणा माणसाने घेतले.

धान निसवले आणि डुकरे उतरू लागली. एका पहाटे बुधरामच्या बांधीवर बार झाला, आणि मागोमाग माणसाचे ओरडणे ऐकू आले. बंदुकीची नळी मागच्या अंगाला फाटली होती. बुधरामच्या डाव्या हाताची चार बोटे गेली, फक्त अंगठा राहिला. उजव्या हाताने विळा चालतो, पण डाव्या मुठीत धान धरल्याशिवाय विळा काय कापणार? जे पीक राखायला गेला ते पीक कापायचा हातच गेला.

गावाने निकाल लावून टाकला: बुधरामने बारूद जास्त भरली. पोलिसानेही तेच लिहिले. बुधरामची बायको सत्यभामाबाई दवाखान्यात त्याला भरवताना तेच बोलत होती, की मापाने चालणे तुमच्या घराण्यातच नाही. डोमाच्या काडतुसाचे नाव कोणी घेतले नाही. डोमा ओसरीवर बसून हे सगळे ऐकत होता आणि गप्प होता. वीस दिवस तो गप्प होता.

एकविसाव्या दिवशी दुपारी बुधराम आला. हात फडक्यात गुंडाळलेला. दुसऱ्या हाताने त्याने खिशातून रुमाल काढून डोमापुढे ठेवला. आत फाटलेले काडतूस होते.

"डोमाजी, तुमी पाहून सांगा," तो म्हणाला. "त्या दिवशी म्या चिमूटभर जास्त टाकली होती, हे खरं आहे. तेवढ्यानं फुटते का? तुमी मनाल ते मी मानतो."

डोमाने काडतूस बोटांत फिरवले. फाटलेली कड नखाने दाबली तर शिळ्या भाकरीसारखी चुरली. बोटांनी सांगायचे ते सांगितले होते. पण बोटांवर त्याचा विश्वास बसत नव्हता, की बसवून घ्यायचा नव्हता, कोण जाणे. त्याने काडतूस घराकडे पुढे केले.

"गीता, इकडे ये. रंग काय दिसते?"

गीताबाई दारातून आली. तिने काडतूस पाहिले, मग सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिले.

"पिवळा आहे, मामाजी."

बुधरामने मान खाली घातली. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. तो उठायला लागला.

"बस," डोमा म्हणाला. "गीता माझ्यासाठी खोटं बोलून राहिली. गुलाबी आहे ते. माझ्या हातानं मेलेलं पितळ तुले देल्लं म्या. मले दिसत नाही, बुधराम. सहा महिने झाले."

गीताबाईने पाणी आणून ठेवले, ते बुधरामने घेतले नाही. शेवटी त्याने एवढेच विचारले, "मंग वीस दिवस मले काहून अपराधी राहू देल्लं?"

बुधरामने रुमाल तिथेच टाकला, काडतूस उचलून खिशात घातले आणि सत्यभामेला दाखवायला घेऊन गेला. त्यानंतर तो डोमाशी कधी बोलला नाही, आणि डोमाने तशी अपेक्षाही केली नाही.

त्याच दुपारी गीताबाईने सासऱ्याचा हात धरला आणि दोघे घरोघर फिरले. बुधरामकडची दोन सत्यभामाबाईने अंगणात फेकून दिली, ती गीताबाईने वेचली. टेकचंदने तिन्ही भरून ठेवली होती, ती त्याने रिकामी करून दिली. पाचही गुलाबी होती.

सातवे दिघोरीला गेले होते. दोघे एसटीने गेले, तीन दिवस विचारत फिरले. नाव काय, गडी दिसायला कसा, असे लोक विचारत. डोमाला नाव ठाऊक नव्हते आणि तोंड त्याला नीट दिसलेच नव्हते. त्याच्यापाशी त्या माणसाचा फक्त आवाज होता, किंचित घोगरा, बोलता बोलता खाकरणारा.

उरलेला सगळा माल डोमाने कासाराला वितळवायला दिला. धंदा संपला. तरी लाखनीच्या बाजाराच्या दिवशी तो गीताबाईला घेऊन जाई आणि सडकेच्या कडेला आपल्या जुन्या जागी पुढ्यात काही न मांडता बसे. ट्रकांच्या गोंगाटात माणसे येत, काडतुसं आहेत का जी म्हणून विचारत. प्रत्येक वेळी डोमा मान वर करी, कान देई, आणि मग हळूच गीताबाईला सांगे, हा नव्हे.