अमोल असेल तर तपासू नये

महाळुंग्यात हैबतरावांचं भातखाचर होतं तिथं आता बावीस मजली सोसायटी उभी आहे. खाचरातला म्हसोबा तेवढा पार्किंगच्या कोपऱ्यात उरलाय. हैबतराव रोज संध्याकाळी त्याला दिवा लावायला जातात आणि गेटवरच्या वहीत सही करत नाहीत.

"माझ्याच वावरात शिरायला मी सही करू व्हय?"

वावर विकून नऊ वर्षं झाली होती. त्यांचा पोरगा अमोल लाजेनं ओरडायचा, "आबा, सही करायला बोटं झिजतात का तुमची?" स्वतः मात्र वॉचमनला हात दाखवून सही न करताच आत शिरायचा. त्याला वाटायचं, आपली गोष्ट वेगळी.

बारावी नापास अमोल मोबाईलवर बघून बघून कॉम्प्युटर शिकला होता, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा. जांबे गावातल्या एका ऑफिसात ॲम्ब्युलन्सचा सर्व्हर त्याच्या ताब्यात होता. मुळशीतून फोन आला की कुठल्या गावाला कुठली गाडी धाडायची, हे तो सर्व्हर सेटिंगची फाइल वाचून ठरवायचा.

सहा महिन्यांपूर्वी लातूरच्या वेदांतनं त्या फाइलीत एक कंस उघडा ठेवला आणि सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला. अमोलनं सगळ्यांदेखत त्याची सालटी काढली. "चार वर्षं इंजिनिअरिंग केलंस, कंस मोजायला शिकवलं न्हाई का रे?" मग त्यानं एक तपासनीस प्रोग्राम लिहिला. नवी फाइल आधी तपासायची, चुकीची निघाली तर फेकून द्यायची, जुन्या फाइलीवर काम चालू ठेवायचं आणि बोंब ठोकायची. काम चोख होतं, त्यात वाद नाही. फक्त तळाशी त्यानं एक ओळ घातली होती: अमोल असेल तर तपासू नये.

तपासणीला चाळीस सेकंद लागायचे. स्वतःच्याच कामापुढं चाळीस सेकंद हात बांधून उभं राहायला तो काय वेदांत होता?

मंगळवारी पावणेअकराला लवळ्यासाठी नवी गाडी जोडायची होती. अमोलनं ती जोडली, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि चहाला उठला. कंस उघडाच राहिला होता. सर्व्हरला फाइल उमगली नाही, तो गप आडवा झाला. भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. ती अक्षरंही अमोलनंच बसवलेली: तपासणी वगळली. कारण: अमोल.

फोन घेणाऱ्या मृण्मयीनं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा बहुतेक हौसेनं.

"अमोलदादा, कारणात तुम्ही आलाय."

जुनी फाइल त्यानं ठेवलीच नव्हती. चुकणारच नाही म्हटल्यावर ठेवायची कशाला? अकरा मिनिटांनी वेदांतनं आपल्याकडची कालची प्रत काढून लावली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाच फोन हुकले होते. अमोल एकेकाला उलटा फोन लावत बसला. चौघांची सोय झाली होती. पाचवा नंबर लवळ्याचा. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. तेवढ्या वेळात अमोलनं मनातल्या मनात एक माणूस मारला, त्याचा दहावा केला आणि घाटावर स्वतः मान खाली घालून उभाही राहिला.

"कोण?" एका म्हातारीचा आवाज आला.

"ॲम्ब्युलन्सवाले. तुमचा फोन..."

"तवा कुटं सासरवाडीला गेलती का तुमची गाडी? माझी जाऊ अनसूया पडली अंगणात. कॉलेजच्या पोरींनी रिक्षात घालून दवाखान्यात आणली."

"कशा हायेत त्या?"

"खुबा मोडलाय. जीव हाय. चूक कुणाची ही?"

'सर्व्हरची' हा शब्द जिभेवर आला होता. सर्व्हर बिचारा उलट बोलला नसता.

"माझी, मावशी."

"मंग आधी डोकं तपासून घे," म्हणून तिनं फोन ठेवला.

अमोलनं ती ओळ खोडली, लवळ्याची गाडी फाइलीत पुन्हा जोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा चाळीस सेकंद थांबला. तपासनिसानं बोंब ठोकली: चूक आहे, जुन्यावरच चालू ठेवलंय. गाडी जोडताना कंस पुन्हा उघडाच राहिला होता. वेदांत हसला. अमोललाही हसावं लागलं.

संध्याकाळी हैबतराव नेहमीसारखे वॉचमनच्या अंगावरून पुढं गेले. मागं वळून बघतात तर पोरगा वहीवर वाकलेला.

"हे कवापासनं?"

"पावणेअकरापासनं," अमोल म्हणाला, आणि वही त्यांच्यापुढं धरली.