करवंटीची फेरी

पाहुण्यांना संध्याकाळी न्यावं अशी बेटावर एकच जागा होती. नारळीच्या बागेत, पत्र्याच्या छपराखाली भरणारी पिण्याची बैठक, तुमुनु. नारळाच्या पोखरलेल्या बुंध्यात संत्र्यांची दारू, भोवती गोल बाकं आणि सगळ्यांत मिळून एकच करवंटी. ती भरून देण्याचा मान तामुएराचा. घेणाऱ्याने एका दमात रिकामी करून परत द्यायची; नको असेल तर नुसता हात लावायचा. कुणाला जास्त झालेली दिसली, तर तामुएरा त्याला गाळून पुढे जाई. त्यावर कुणी वाद घालत नसे.

त्या संध्याकाळी मानावा आला आणि तामुएराचा हात थबकला. मानावा त्याचा धाकटा भाऊ. आईच्या वाट्याच्या जमिनीवर त्याने न विचारता पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. माझ्या हातची करवंटी त्याला मिळणार नाही, असं तामुएरा चारचौघांत बोलून बसला होता. मानावाही इकडे फिरकला नव्हता. पण त्याच्याकडे उतरलेल्या मारीकेबाईंना तुमुनु पाहायचा होता, आणि पाहुण्याला एकटं पाठवायची रीत नव्हती.

“काय रे मानावा, वाट चुकलास का?” म्हातारे तेइवा म्हणाले; सगळं बेट त्यांना पापा म्हणे.

“वाट तीच आहे, पापा. तुमचं पोट आडवं आलं होतं.”

सगळे हसले. तामुएरा हसला नाही.

फेरी सुरू झाली. मारीकेबाईंनी डोळे मिटून करवंटी संपवली. त्यांच्या शेजारी मानावा होता. तामुएराने करवंटी भरली आणि त्याच्या पलीकडे, पापा तेइवांपुढे धरली.

पापांनी हात पुढे केला नाही.

“यांना नाही द्यायची?” बाईंनी विचारलं.

शुद्धीवर असलेल्या माणसाला गाळणारा त्या बुंध्याजवळ बसायच्या लायकीचा राहत नाही, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. मानावाने ते परक्या बाईंसमोर नुसतं बोलून दाखवलं असतं, तरी पुरे होतं. तामुएरा वाट पाहत राहिला.

“मला जास्त झालीय, बाई,” मानावा म्हणाला. “घरूनच पिऊन आलोय. दादाच्या नजरेतून काही सुटत नाही.”

पापा जमिनीकडे पाहत होते.

“खोटं बोलतोय तो,” तामुएरा म्हणाला. “थेंबभरही घेतलेली नाही त्याने. माझंच चुकलं.”

त्याने करवंटी मागे घेऊन भावापुढे धरली. घाईत थोडी दारू मानावाच्या गुडघ्यावर सांडली. मानावाने उरलेली एका दमात संपवली आणि तोंड पुसलं.

“आंबट आहे,” तो म्हणाला.

“अजून दोन दिवस मुरायला हवी होती. पण या म्हाताऱ्याला दम कुठे निघतो,” तामुएरा म्हणाला, आणि पापांसाठी करवंटी भरायला वाकला.