मळ्यातल्या घराचा गळा

या, असे जवळ सरका. पाय पसरून बसा, संकोच नको. आज एका घराची गोष्ट सांगतो. रामराया वाचा देईल तेवढी गोड करून सांगतो.

कृष्णामाई कऱ्हाड ओलांडून सांगलीच्या वाटेला लागते ना, तिथं तिच्या एका वळणावर सुभेदार हंबीररावांचा उसाचा मळा. मळ्यात, काठाच्या उंचवट्यावर, त्यांच्या पणजोबांनी बांधलेलं घर. काळ्या दगडाचं जोतं, पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, आणि मोठ्या सोप्यात त्या भिंतींत चहूकडे मडकी बसवलेली. पोटं भिंतीत, तोंडं सोप्याकडे. सुभेदारांना कुणी विचारलं तर म्हणायचे, "चिमण्यांची सोय. दुसरं काय?"

ती मडकी कशासाठी, हे अनंतबुवांच्या गळ्याला कळलं होतं. बुवा वाईचे कीर्तनकार. मी त्यांच्या मागं झांज धरायचो. एके काळी घाटावर उभं राहून गायले तर पैलतीरावरच्या बायका धुणं थांबवून ऐकायच्या. पण त्र्याहत्तर सालच्या दुखण्यानं आवाज धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखा झाला. मग गावोगाव कर्णा लावावा लागे. कर्ण्यातून आलेलं ऐकून बुवा मला हळूच विचारायचे, "हा कोण गृहस्थ माझं कीर्तन करतोय रे?"

फक्त या मळ्यातल्या सोप्यात कर्णा लागत नसे. तिथं बुवा हलकेच 'राम' म्हणाले, की तो शब्द मडक्यांच्या पोटात शिरे, जरा विसावे, आणि भरल्या घागरीसारखा बाहेर येई. दरवर्षी माघात तिथलं कीर्तन आटोपलं, की बुवा वर्षभर त्याच्यावर जगत.

आणि एका माघात निरोप आला की सुभेदार घर पाडून स्लॅबचा बंगला बांधणार. त्या घराण्याची एक रीत होती. जुनी वास्तू उतरवायची, तर आधी तिला कीर्तन ऐकवायचं, आणि मग कीर्तनकारानंच कुदळीचा पहिला घाव घालायचा. म्हणजे वास्तूचा कोप होत नाही. ते काम बुवांवर आलं. वाईहून निघाल्यापासून बुवा एसटीच्या खिडकीतून नदीकडे बघत बसले.

मळ्यात पोचलो तर सोप्यात देवाशेजारी हळदकुंकू लावलेली कुदळ, आणि खांबाला भला मोठा कर्णा. सुभेदारांनी बुवांच्या मानासाठी मुद्दाम आणवला होता.

"आवं बुवा, शेवटचं कीर्तन हाय. दणक्यात हु द्या," सुभेदार म्हणाले. ते तोफखान्यातले. पासष्टच्या लढाईनंतर त्यांना फार कमी ऐकू येई, म्हणून स्वतः मोठ्यानं बोलत. आजवर माघातल्या कीर्तनाला ते पलटणीत तरी असत, नाहीतर मंडपाच्या कामात. सोप्यात बसून ऐकणं असं त्यांचं कधी झालंच नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी बुवा उभे राहिले. नमनाला तोंड उघडलं मात्र, आणि कर्णा असा किंचाळला की चिमण्या भर्रकन उडाल्या. कर्णा घेऊन आलेल्या धुळा नावाच्या पोरानं तारा हलवल्या, जागा बदलली. पुन्हा तेच. सोपाच मुळात गाणारा. त्यात कर्ण्याचा गळा, दोघांचं जमेना.

सुभेदारांच्या मंडळी साळूबाई मागून म्हणाल्या, "आवं, त्या रेडकाला आदी सोडा. आय हरवल्यावानी वराडतंय."

बायका हसल्या. धुळानं कर्णा बंद केला. आता सुभेदारांना काही म्हणजे काहीच ऐकू येईना. पुढच्या मानाच्या जागेवरून ते चिडून उठले, मागं गेले, आणि भिंतीला पाठ लावून, डोकं टेकून बसले.

बुवांनी आख्यान लावलं ते कृष्णेचंच. माहेर महाबळेश्वरी, सासर दूर पूर्वेच्या समुद्रात. नवी नवरी वाटेत दमते, कुणाच्या अंगणाशी घटकाभर टेकते, पाणी मागायचं तर स्वतःच पाणी. मग ती नुसता शब्द मागते. बुवांचा स्वर आता झऱ्याएवढा उरलेला. पण मडकी एकामागून एक जागी झाली. मी झांज हातात धरून वाजवायचा विसरलो. दारातून नदी दिसत होती, तिच्यावर उन्हाची सोनेरी साय धरलेली, आणि गाणं बुवांचं की तिचं हेच कळेना. आपण सगळे त्या पाण्यात बुडून बसलोय आणि श्वास मात्र चालू आहे, असं काहीतरी झालं होतं.

सुभेदार डोळे मिटून होते. ओठ हलत होते. बुवांच्या पाठोपाठ, एकही शब्द न चुकता.

आरती झाली. बुक्का लावला. बुवांनी देवाला हात जोडले आणि रीतीप्रमाणं कुदळ उचलली. सुभेदार पुढं आले.

"बुवा," ते पहिल्यांदाच हळू बोलले, "तुमी माज्या पाठीत गात हुतासा. लय वर्सांनी न्हवरी कुणीकडं चालली ते समदं कळलं."

"मी नव्हे, सुभेदार. तुमच्या पणजोबांची भिंत."

"मग त्या भिंतीवर घाव कसा घालायचा?"

"मुहूर्त तर काढलाय, त्याचं काय?" साळूबाईंनी विचारलं. "कुदळ पुजलीया. रिकामी ठिवायची न्हाई."

सुभेदार बुवांचा दंड धरून त्यांना कुदळीसकट बाहेर घेऊन गेले. मळ्याच्या वरच्या अंगाला, सडकेकडे, माळाची उंच जागा पडून होती. तिथं उभं करून म्हणाले, "हितं घाला. बंगला हितं हुईल. खालचं घर कीर्तनाचं."

बुवांनी घाव घातला. ढेकूळभर माती निघाली असेल. तिथंच ते मटकन बसले आणि लहान मुलासारखे हसायला लागले.

पुढं आणखी काही माघ त्या सोप्यात बुवांचं कीर्तन झालं. शेवटच्या वर्षी तर ते नुसते कुजबुजत होते, आणि दारापर्यंत बसलेली माणसं डोळे पुसत होती. त्यानंतरच्या चैत्रात वाईला त्यांनी देह ठेवला.

तेव्हा एवढं करा. कधी कृष्णाकाठानं जाणं झालं, तर आमच्या अनंतबुवांची आठवण काढा. नाव मोठ्यानं घ्यायची गरज नाही. मनात म्हटलं तरी चालेल.