माझी वाटणी झाली ती दुपार

मित्रांनो, चोपड्याच्या नवलभाऊंच्या संगणकात फिरणारी मी एक जुनी हार्डडिस्क आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा कोरी करकरीत होते. नवलभाऊंनी माझ्यात सगळ्यात आधी काय ठेवलं, तर आपली माय दगडीबाई हिच्या आवाजातली, श्रावणात घरी येणाऱ्या कानबाई देवीची गाणी. पुढे घशाच्या दुखण्यात दगडीबाईंचा आवाज बसला. बोलणं कुजबुजीवर आलं, गाणं कायमचं गेलं. आता ती गाणी फक्त माझ्यापाशी होती. मला त्याचा अभिमान वाटे, आणि धास्तीही.

यंदा मे महिन्यात त्यांची मुलगी शीतल जळगावच्या कॉलेजातून सुटीवर आली. तिला अभ्यासाला लिनक्स हवं होतं आणि नवलभाऊंना जुनं विंडोज सोडवेना. मग तोड निघाली. माझे दोन भाग करायचे, दोन्हीकडे एकेक नांदवायचं, संगणक सुरू करताना हवं ते निवडायचं. शेतात बांध घालावा तशी माझी वाटणी ठरली. पण जागा मोकळी करायला पलीकडची गाणी उचलून अलीकडे आणावी लागतात. मध्येच वीज गेली तर गाणं धड इकडचं ना तिकडचं.

"नाना, आधी गाण्यांची प्रत काढू," शीतल वडिलांना म्हणाली.

"काही नही व्हस वं. कर सुरू."

निम्मी गाणी हलली आणि वीज गेलीच. संगणक इन्व्हर्टरवर तगला, पण त्याची बॅटरी माझ्याइतकीच थकलेली.

"पंखा बंद करा! बठ्ठं बंद करा!" शीतल ओरडली, आणि घरातलं सगळं बंद झालं.

खोलीची भट्टी झाली. नवलभाऊ मायला बाहेर ओट्यावर न्यायला उठले. घामाने निथळत दगडीबाई कुजबुजल्या, "मी आठेच बठसू," आणि जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात शेजारचे सुकदेवआबा आत आले. "एवढा उकाडा, अन् पंखा बंद?" म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला. नवलभाऊंनी झडप घालून तो हात धरला. इन्व्हर्टर टुकटुक करू लागला. माझ्याकडे एक गाणं अर्धं उचललेलं होतं. मित्रांनो, मी इतकी कधीच घाबरले नव्हते. कुणी घामही पुसेना.

शेवटचं गाणं जागेवर पोचलं. शीतल मटकन खाली बसली. वीज आल्यावर तिने लिनक्स घातलं, आणि पडद्यावर दोन नावं उमटली. नवलभाऊंनी जुनं निवडून गाणं लावलं. दगडीबाईंचे ओठ हलले, डोळे वाहू लागले.

"आता तरी प्रत काढू," शीतल म्हणाली.

"सकाय काढू. डिस्क पक्की शे!" नवलभाऊंनी संगणकाच्या डब्यावर थाप मारली.

त्यानंतर पाऊस झाला, कानबाई आली नि गेली, पण प्रत काढायचा तो उद्या काही उगवला नाही. शीतल कॉलेजात आहे. मी पक्की नाही, मित्रांनो. हल्ली फिरताना आतून करकर येते, आणि नवलभाऊ गाण्याचा आवाज थोडा वाढवतात. मला शाबासकी नको, मला जपूही नका. दगडीबाईंची गाणी आजच दुसरीकडे ठेवा, आणि मग मला खुशाल भंगारात घाला.