बारावा चमचा

घड्याळजींच्या घरात शब्द चालायचा तो त्यांच्या बायकोचा. ते तिला 'सरकार' म्हणायचे, आणि सरकारचं सगळ्यात कडक खातं म्हणजे चांदीच्या बारा चमच्यांची पेटी.

चांदी वापरायची, कोंडून ठेवायची नाही, हा तिचा पहिला कायदा. रोज दोन चमचे टेबलावर यायचे, उद्या पुढचे दोन, म्हणजे कुणावर अन्याय नको. जेवण झालं रे झालं की कोमट पाणी, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं. पुसलेला चमचा उघड्या बोटांनी धरायचा नाही. बोटाचा घाम चांदीला चावतो, आज दिसत नाही, महिन्यांनी काळा होऊन वर येतो. एकदा तर एका पाहुण्याचं सूप अर्धं राहिलं होतं, तरी बोलता बोलता त्याच्या हातातला चमचा नळाखाली गेला.

ती गेल्यापासून पेटी बंद होती. आठ महिन्यांनी एका दुपारी घड्याळजींनी ती उघडली. निळ्या मखमलीच्या खाचांत अकरा चमचे गुपचूप निजले होते. बाराव्याच्या पसरट दांड्यावर मात्र अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता, बारीक रेघांसकट.

हा सरकारचाच, घड्याळजींनी ठरवलं. आजारपणात हातातलं बळ सरल्यावर ती चुकली असणार. चाळीस वर्षांत एकदाच चुकली आणि स्वतःला मागे ठेवून गेली.

मग रोज दुपारी तेच. डोळ्याला दुकानातलं भिंग लावायचं आणि खिडकीशी बसायचं. त्या रेघांच्या गल्ल्यांतून घड्याळजी हिंडायला लागायचे. एका वळणावर नळ वाहत असायचा, पुढच्या वळणावर वाफ असायची, आणि वाफेतून ती म्हणायची, "अहो, फडकं कुठे ठेवलंत?" मधे कुठेतरी एक तिरकी पांढरी रेघ सगळ्या गल्ल्या कापून जायची. तिथून घड्याळजी अलगद उडी मारून पलीकडे जायचे. चहा गार व्हायचा. दुकान चारऐवजी पाचला उघडायचं, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, घड्याळजींचंच घड्याळ मागे पडलंय.

रविवारी लेक आली. ही आईच्याच वळणाची, आल्या आल्या चांदी घासायला काढणार, हे ठाऊक होतं. ठसा पुसला गेला तर सरकार पुन्हा एकदा जाईल, या धास्तीने घड्याळजींनी तो चमचा हत्यारांच्या खणात दडवला होता.

"बाबा, अकराच आहेत!"

"असेल इकडेतिकडे."

"आईच्या पेटीतलं इकडेतिकडे? खरं सांगा."

खोटं बोलणं घड्याळजींना कधी जमलं नव्हतं. त्यांनी खण उघडला. "हळू धर. तिचा अंगठा आहे त्यावर."

लेकीने भिंग लावलं.

"बाबा," ती हलकेच म्हणाली, "शेवटचं सूप प्यायलो तेव्हा आईला उठवत कुठे होतं? ती खुर्चीतून हुकूम सोडत होती. चमचे तुम्ही पुसलेत. मी दारात उभी होते." मग तिने त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठा चमच्याशेजारी धरला.

अंगठ्यावर तिरका व्रण होता. उमेदवारीच्या काळात घड्याळाची स्प्रिंग सुटून बसलेला. जन्मभर केसाएवढी चूक हुडकणाऱ्या माणसाला स्वतःचा अंगठा ओळखू आला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

इतक्या दुपारी आपण आपल्याच अंगठ्यात हिंडत होतो, या विचाराने घड्याळजींना हसावं की रडावं कळेना.

"म्हणजे तिचं काहीच उरलं नाही," ते म्हणाले.

लेकीने पेटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी सवयीने फडकं घेतलं, फडक्यातूनच एकेक चमचा उचलला आणि उजेडात धरला. कुठे डाग नाही, ओरखडा नाही, बोटाची एक रेघ नाही. चाळीस वर्षं रोजचं जेवण, तापातली पेज, पोरीच्या परीक्षा, भांडणं, पाहुणे. सगळं या चमच्यांनी झालं होतं आणि सगळं तिने पुसून ठेवलं होतं. अकराव्या चमच्याला त्यांचे डोळे वाहायला लागले.

"हे बघ," ते म्हणाले, "हे सगळे तिचे."

लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दोघं तशीच बसून राहिली, खिडकीतला उजेड टेबलावरून खाली उतरेपर्यंत.

मग घड्याळजींनी खडूची पूड ओली केली, अंगठा फडक्यात गुंडाळला आणि बारावा चमचा घासायला घेतला.

"राहू द्या ना, बाबा. तुमची आठवण म्हणून."

"छे," घड्याळजी म्हणाले, "ती रागावेल."