झालं म्हटल्यावर

मी एक जुनी तिवई आहे, फोटो स्टुडिओतली. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या फोटोत कुणी अगदी ताठ बसलेले दिसले, तर त्याच्याखाली माझ्यासारखीच कुणीतरी आहे असे खुशाल समजा. आम्ही फोटोत दिसायचे नाही, असा धंद्याचा नियमच आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. एक दरवाजा करून उरलेल्या लाकडात माझे दोन पाय निघाले. तिसऱ्याला लाकूड पुरेना, म्हणून तो भलत्याच लाकडाचा बसवला. मी ते कधी मनाला लावून घेतले नाही. समोरच्या कॅमेऱ्याच्या स्टँडलाही पाय तीनच, पण त्याचा तोरा बघा! मी माणसे पेलते, तो एक डबा पेलतो.

आमचा फोटोग्राफर तेव्हा नवखा होता. त्याला डोंगर, ढग आणि समुद्राचे फोटो काढून नाव कमवायचे होते. वाट्याला आले ओळखपत्रांचे फोटो. दिवसभर "हनुवटी वर, खांदे खाली, हलू नका, झालं" असे म्हणायचे आणि संध्याकाळी बायकोपाशी कुरकुर करायची, हा त्याचा नेम.

"यात कसली आलीय कला? सगळे चेहरे नुसते शिक्का मारल्यासारखे," तो म्हणे.

बायको टेबलाशी बसून फोटो कापत असे. एकदा तिने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही झालं म्हणता ना, त्याच्यानंतर बघा एकदा लोकांकडे."

मित्रांनो, मला हे केव्हाच ठाऊक होते, पण तिवईला विचारतो कोण? "झालं" ऐकले की माणूस श्वास सोडतो. तोवर अर्धवट टेकलेला असतो, तो मग खरा बसतो. त्याचे सगळे वजन माझ्यावर येते आणि चेहराही त्याच वेळी त्याचा स्वतःचा होतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या फोटोग्राफरने लबाडी सुरू केली. तो आधी "झालं" म्हणे आणि मग बटण दाबी. काय एकेक फोटो निघाले! एका कडक हेडमास्तरांना फोटोत स्वतःचे हसू दिसले आणि "हा मी नव्हेच" म्हणून त्यांनी तो परत केला. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको येऊन तोच फोटो गुपचूप घेऊन गेली. फोटोग्राफर डोंगर-समुद्र विसरला. त्याची कुरकुर थांबली आणि माझा मान वाढला; त्याची बायको मला रोज पदराने पुसू लागली.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला. गिऱ्हाईक तुटले. मला कोपऱ्यात सरकवून माझ्यावर एक कुंडी ठेवली. कुंडीला ना घाई, ना लाज. तिला "झालं" म्हणायची सोयच नाही. मला फार वाईट वाटले.

एका दुपारी मात्र कुंडी उतरली. स्टुडिओच्या मागच्या खोलीत फोटोग्राफरची आई राहायची. ती दुसऱ्या दिवशी लेकीकडे, दूरच्या देशात, कायमची राहायला निघाली होती. साऱ्या गावाचे चेहरे टिपणाऱ्या आमच्या शहाण्याला आता आठवले, की आपल्या आईचा एकही धड फोटो आपल्याकडे नाही. होते त्या सगळ्यांत ती डोळे वटारून बसलेली. कारण उघड होते. पोराची लबाडी तिने भिंतीपलीकडून वर्षानुवर्षे ऐकली होती.

आई माझ्यावर बसली. त्याने दिवा लावला, पडदा सारखा केला.

"झालं," तो म्हणाला.

आई जराही हलली नाही. "मला नको शिकवूस. तुझं झालं मला पाठ आहे."

"आई, जरा सैल बस ना."

"सैलच बसलेय."

ती किती सैल होती ते मलाच ठाऊक. दोन्ही हातांनी तिने माझी कड घट्ट धरली होती. त्याने गमती सांगितल्या, नकला केल्या, शेवटी हात जोडले. आई जैसे थे.

"असा फोटो मी कसा ठेवू?" त्याचा आवाज चढला. "उद्या तू नसणार इथे."

"म्हणूनच," आई हळूच म्हणाली. "सैल सोडलं ना, तर रडू येईल मला. रडका फोटो ठेवशील का घरात?"

कॅमेरा सोडून तो आला आणि माझ्याशेजारी जमिनीवरच बसला. त्याने आईच्या गुडघ्याला डोके टेकले. थोड्या वेळाने तिच्या हातांनी माझी कड सोडली. ती त्याचे केस सारखे करू लागली.

"एवढा बाप्या झालास, पण हे केस काही बसत नाहीत तुझे," ती म्हणाली आणि हसू लागली. डोळ्यांतून पाणीही येत होते, पण आता तिला त्याची फिकीर नव्हती. तिचे सगळे वजन माझ्यावर आले.

जेवायला बोलवायला आलेली सून दारातच थांबली होती. ती कॅमेऱ्यामागे गेली आणि तिने बटण दाबले. "झालं" तिने नंतर म्हटले, अगदी प्रामाणिकपणे.

फोटो हातात आला तेव्हा फोटोग्राफरने चुका काढायला सुरुवात केली. "माझी नुसती पाठच आलीय. पडद्याची कड दिसतेय. तिवईसुद्धा दिसतेय."

आई मात्र फोटोकडे बघतच राहिली. "मी अशी दिसते?"

"रोज अशाच दिसता, आई," सून म्हणाली.

एक प्रत आईच्या पिशवीत गेली, एक माझ्यासमोरच्या भिंतीवर लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या तिवईवर उभे राहून माळ्यावरचे डबे काढू नका. माझा पाय मोडेल आणि तुमचाही. तिच्यावर आपले माणूस बसवा, आणि तुम्हीही शेजारी बसा. कॅमेरा नसला तरी चालेल. आमची आई आता रोज फोनवर दिसते. हसते, बोलते, मुलाच्या केसांना नावे ठेवते. पण त्या दुपारी ती टेकली तेव्हा माझ्यावर जे वजन आले, ते काही फोनमधून येत नाही.